माया सोडून

सदरात, रेसिडेन्सी रोडच्या आतल्या गल्लीत
मी वकिलांचे काळे कोट शिवतो.
चाळीस वर्षं काळा दोरा. डोळे त्यातच गेले.
काजं पंचफुला करते.

ती माझी कोण, हे गल्लीतल्या पानवाल्यालाही माहीत आहे
आणि कागदावर कुठेच नाही.
तिचा नवरा रेल्वेत होता, अजनीच्या यार्डात गेला.
त्याची पेन्शन येते, लग्न केलं की बंद होईल.
म्हणून अकरा वर्षं आम्ही लग्न न करता
एकाच कुकरमध्ये वरणभात लावतो.

डिसेंबरात सरकार नागपूरला आलं.
मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडले,
आणि आत, दिवेलागणीला, अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर
एक बिल आवाजी मतानं निघून गेलं:
एका छताखाली राहणाऱ्या अविवाहित स्त्री-पुरुषांनी
तीस दिवसांत ठाण्यात नोंद करावी.
पंचफुलानं पेपर दुमडला. म्हणाली,
"ठाण्यात काहून? आपली का सायकल हरपली?"

बिल दिल्लीला गेलं, राष्ट्रपतींच्या सहीसाठी,
आणि पडून राहिलं.
जुने सही करत नव्हते, की फाइल खाली दबली होती,
आम्हाला काय कळणार.
जुलैत नव्यांची निवडणूक झाली.

आमचा आमदार जाकिटाच्या मापाला आला.
पोट दीड इंच वाढलेलं; मी बोललो नाही.
हौसेनं सांगत होता:
तिथे आपलं पेन चालत नाही, त्यांचंच घ्यावं लागतं,
जांभळ्या शाईचं. नावापुढे फक्त आकडा टाकायचा.
"माझ्या एका मताचे एकशे पंच्याहत्तर होतात, मास्तर!"

माझ्या मताचा एक होतो.
तो एक मी यालाच दिला होता,
नाल्यावरच्या पुलासाठी.
पूल झाला. चांगला आहे, पाणी चढत नाही आता.
पण पुलासाठी दिलेलं मत
पूल ओलांडून पुढे कुठे कुठे जातं,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
दिल्लीत त्यानं एक हात निवडला,
त्या हातानं दोन सह्या केल्या:
एक बिलावर,
एक नव्या न्यायमूर्तींच्या नेमणुकीवर.

"सही म्हणजे नुसती रीत असते हो," डबीर वकीलबाई म्हणाल्या,
"ठरवणारे वेगळेच असतात."
असतील.
टाचणीही कोट शिवत नाही,
पण ट्रायलला तीच टोचते.

न्यायमूर्ती दुकानात येत नाहीत. मला बंगल्यावर बोलावलं.
सिव्हिल लाइन्स, मोठं आवार, चिंचेखाली पोलीस.
खांदा साडेसतरा. डावा जरा खाली.
सगळ्यांचाच एक खांदा खाली असतो,
आपण आतून कापड भरून बरोबर करतो.
याच खांद्यांपुढे महिन्याभरात
त्या कायद्यावरची याचिका उभी राहणार होती.
मी त्यांच्या पायांशी बसलेला, गाऊनची उंची धरत,
तोंडात सहा टाचण्या.
त्यांनी साधेपणानं विचारलं,
"घरी कोण कोण असतं, मास्तर?"
चांगला माणूस वाटला. कदाचित असेलही.
मी टाचण्या काढल्या नाहीत.
"हूं," म्हणालो.

रात्री कापड बेतलं. ती शेजारी, चष्म्याला दोरा बांधलेला.
"माया किती सोडता?"
"दोन बोटं. नेहमीची."
"तीन सोडा. माणूस पुढं वाढते का सुकते, कोणाले मालूम."
तीन सोडली.
बाहेरून दिसत नाही ती,
कधी उसवायची पाळी आली तरच कळते
की कापणाऱ्यानं जागा ठेवली होती.

कायदा बेतणाऱ्यांनी मात्र
कापड रेघेवरच कापलंय.

फॉर्म मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या खाली.
शुक्रवारी तिसावा दिवस.
'नाते' या शब्दापुढे जेमतेम इंचभर जागा.
पंचफुलानं टेप लावून पाहिली,
म्हणाली, "एवढ्यात एकच काज बसते,"
आणि दिवा जवळ ओढून
न्यायमूर्तींच्या गाऊनची बाही हातात घेतली.